गरम पीठ आणि रिकामा हंडा

वन्सं, परवा तुमचा दहावा झाला. नदीकाठी सगळे हात जोडून उभे. आता कावळा किती वेळ ताटकळत ठेवतोय म्हणून सगळ्यांच्या माना वर. आणि पिंड खाली टेकतोय न टेकतोय तोच एक धटिंगण कावळा आला आणि घास घेऊन गेलासुद्धा. गुरुजी म्हणाले, "मागे काही इच्छा राहिलेली नाही." मला हसू फुटलं. पदर तोंडाला लावला, तर भावकीतली एक सून पाठीवर हात फिरवून म्हणाली, "काकू, नका रडू." रडत कुठं होते मी! मनात म्हणत होते, गुरुजी, तुम्हाला काय माहीत? आमचं भांडण अर्धवट टाकून गेल्यात त्या.

इतके दिवस लोक तुमच्याबद्दल भरभरून बोलतायत. कष्टाळू होत्या, मायाळू होत्या, सोशिक होत्या. सोशिक! हे ऐकून मात्र मला राहवेना. ज्या बाईनं एका पिठाच्या पिशवीवरून माझ्याशी जन्मभर वाद घातला, लग्नकार्यात घातला, बारशात घातला, दवाखान्यात सलाईन लावलेल्या हाताची बोटं नाचवून घातला, ती सोशिक? नणंद-भावजयीचं भांडण म्हटलं की लोकांना वाटणी आठवते, दागिने आठवतात. आपलं भांडण होतं माझी लेक संगी तान्ही असताना कशानं झोपली यावर. हे कुणाला सांगितलं तर खरंसुद्धा वाटायचं नाही.

दरवेळी ती गोष्ट तुम्हीच सांगायच्या, आणि दरवेळी तुम्हाला सोयीची तेवढीच. आज मी सांगते. आज मधे तोंड घालायला तुम्ही नाही.

बाहत्तरचा दुष्काळ. आम्ही श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या चाळीत राहत होतो. हे, म्हणजे तुमचे धाकटे भाऊ, बॉयलरवर कामाला. त्याच दिवाळीला खोली मिळाली म्हणून मी संगीला घेऊन राहुरीहून, माझ्या माहेराहून, तिथं आले. तोवर ही कार्टी माझ्या नाहीतर माझ्या आईच्या अंगावर पडूनच झोपायची, खाली ठेवली की डोळे टक्क. चाळीत आलो आणि काय जादू झाली कोण जाणे. कारखाना सुरू होता, त्याची घरघर रात्रंदिवस. ताटाळ्यातली ताटं थरथरायची, खिडकीची काच गुणगुणायची. पाहुणे आले की कानात बोटं घालायचे. आणि संगी गोधडीवर ठेवली की दिवेलागणीला झोपायची ती सकाळचा भोंगा झाला की उठायची. मला वाटलं, पोर शहाणी झाली.

पण त्या साली रानात ऊसच नव्हता. विहिरी आटल्या, उभा ऊस जनावरांच्या दावणीत गेला, आणि शिवरात्रीच्या सुमारास कारखान्याचा पट्टा पडला. हंगाम संपला की आमच्याकडं असंच म्हणतात. एरवी पट्टा पडायचा तो चांगला उन्हाळा लागल्यावर. त्या दिवशी संध्याकाळी घरघर थांबली आणि चाळीतल्या बाया दारात येऊन एकमेकींकडं बघत राहिल्या. इतक्या लवकर गप्प कधी झालंच नव्हतं. आणि संगीनं जो भोकाड पसरला, तो पुढं रोजचाच. दिवसा ठणठणीत, सगळ्या चाळीभर दुडुदुडु पळणार, सगळ्यांच्या घरात जाऊन खाऊन येणार. दिवा मालवला की किंकाळी. जरा डोळा लागला की पुन्हा दचकून उठणार.

कुणाच्याही डोक्यात आलं नाही की कारखाना थांबला आणि पोर उठली, ह्या दोन गोष्टी एकच आहेत. मी दृष्ट काढली. दात येत असतील म्हणून हिरड्या चोळल्या. जंताचं औषध दिलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "काही नाही हो, मूल एकदम छान आहे." छान आहे! त्यांच्या घरी एक दिवस पाठवायला हवी होती.

हाल ह्यांचे व्हायचे. हंगाम संपल्यावर बॉयलरची डागडुजी निघाली होती, उंच फळीवर उभं राहून काम. एक दिवस ह्यांना उभ्या उभ्या डुलकी लागली, शेजारच्या गड्यानं दंड धरला म्हणून वाचले. ही बातमी गावाकडं सासूबाईंच्या कानावर गेली, आणि त्यांचा निरोप आला, पोरीला माझ्याकडं धाडा, बाळगोळीवर चार दिवसांत झोपवते.

बाळगोळी म्हणजे अफू. मोहरीएवढी गोळी, दुधात उगाळून चाटवायची, की मूल गप. रानात कामाला जाणाऱ्या बाया तेव्हा सर्रास द्यायच्या, सासूबाईंची सगळी लेकरं त्याच्यावर वाढली. पण माझ्या माहेरी शेजारच्या घरात अशीच एक मात्रा जास्त झाली होती. ते बाळ मी बघितलं होतं. म्हणून मी ह्यांना सांगितलं, पोर जाणार नाही. आईपुढं बोलायची ह्यांची कधी छाती झाली नाही, आणि फळीवरून पडायची भीतीही खोटी नव्हती.

आणि मग पोरीला न्यायला सासूबाईंनी तुम्हाला धाडलं.

एस.टी.तून उतरून तुम्ही तरातरा चालत आलात ते अजून डोळ्यापुढं आहे. काखेत कापडाची पिशवी, कपाळावर घाम, तोंड चालूच. दादला गेल्यावर माहेरी परतून तुम्ही आईचं सगळं घर आणि रान हाताखाली घेतलं होतं. मी तुम्हाला टरकून असायचे. पाण्याचा तांब्या द्यायच्या आत तुम्ही कनवटीची पितळी डबी काढून पुढं धरलीत.

"आईनं दिलीया. हितंच सुरू कर म्हनली, आन् मग घिऊन ये."

तुमच्यापुढं तोंड उघडायची मला सवय नव्हती. पण बोलले. "वन्सं, मी देणार नाही आणि कुणाला देऊही देणार नाही. पाहिजे तर मला घेऊन चला गावी आणि काय बोलायचं ते बोला." आणि ते माहेरचं बाळ सांगितलं. सांगता सांगता रडू आलं, रडता रडता रागही आला. संगी तुमच्या पायाशी बसून तुमची पिशवी उचकत होती.

तुम्ही डबी उघडली, वास घेतला, झाकण लावलं. पाटावर चढून देवाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलीत. "पाडव्यापत्तुर बघते," म्हणालात. "तवर झोपली तर झोपली. न्हाई तर पोर घिऊन जाते, मंग रडायचं न्हाई." झालं. पाडवा काही लांब नव्हता. रोज देवाला दिवा लावताना ती डबी दिसायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा.

तुमचे उपाय सुरू झाले. तीळतेलानं मालिश. संध्याकाळी गरम पेज. दुपारची झोप बंद, तेव्हा ती बया दुपारी भिंतीला टेकून पेंगायची आणि तुम्ही तिला "ऊठ गं भवाने" म्हणून अंगणात पिटाळायच्या. रात्री पुन्हा तेच. ती रडायची, तुम्ही तिला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालायच्या आणि मला शिव्या. "तूच लाडावून ठिवलीस." मी म्हणायचे, "हो, आणि तुम्ही बघा कशी सुधारलीत!" हे गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायचे.

मग तो गिरणीचा दिवस. रेशनवर तेव्हा तांबडा मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, मिळायचा, तो दळायला तुम्ही संगीला काखेत मारून गेलात. खूप वेळ झाला तरी येईनात, म्हणून मी बघायला आले. बघते तर काय! गिरणीच्या पायरीवर तुम्ही बसलाय, आत इंजिन ठणाणा करतंय, जातं घरघरतंय, बाया एकमेकींशी ओरडून बोलतायत, आणि तुमच्या मांडीवर संगी ढाराढूर. पिठानं पांढरी झालेली, पाठीशी नुकत्याच दळलेल्या पिठाची गरम पिशवी, तोंड उघडं, लाळ गळतेय. इतके दिवस तिला अशी झोपलेली मी पाहिली नव्हती. उभ्या जागी मला हुंदका आला.

आणि आपल्या भांडणाचं मूळ ते इथंच. शेवटचं दळण संपलं, गिरणीवाल्यानं इंजिन बंद केलं. त्याच क्षणाला तुम्ही पाठीमागची पिशवी काढून डोक्यावर घेतलीत. त्याच क्षणाला संगी जागी झाली आणि किंचाळली.

मी म्हटलं, "वन्सं! आवाज थांबला म्हणून उठली! अहो, कारखाना! कारखान्याच्या आवाजावर झोपायची ती!"

तुम्ही म्हणालात, "डोंबलाचा आवाज. आवाजानं कुनी झोपतं व्हय? मागचं गरम पीठ काढलं म्हनून उठली. पाठीला ऊब लागती लेकराला."

घरी येईपर्यंत रस्ताभर आपण तेच बोलत होतो. संगी तुमच्या खांद्यावरून माझ्याकडं बघून हसत होती, तिला काय!

त्या दिवसापासून तुम्ही दळण संध्याकाळी शेवटच्या नंबराला न्यायला लागलात. थोडं थोडं धान्य, रोज. पीठ गरम असतानाच उशीच्या अभ्र्यात भरायचं, तोंड गाठ मारून बांधायचं आणि पोरीच्या पाठीशी गोधडीत खोचायचं. माझी पंचाईत अशी की तुमचं पीठ रोज मिळत होतं, माझा आवाज कुठून आणू? कारखाना काही माझ्यासाठी पेटणार नव्हता. स्टो पेटवून ठेवला, त्याच्या फरफरीवर ती जरा शांत झाली. पण रॉकेल रेशनचं, ते रात्रभर जाळलं तर महिनाभर कसं पुरायचं?

मग एक दिवस टँकर आलाच नाही. हे तहानेले, हंड्याजवळ गेले आणि आत तोंड घालून म्हणाले, "अगं, पाणी संपलं काय?" तो आवाज हंड्यात असा घुमला! संगी रडत होती ती गप. मान वळवून बघायला लागली. मी तुमच्याकडं बघितलं, तुम्ही माझ्याकडं.

"अहो," मी म्हटलं, "पुन्हा बोला."

"काय बोलू?"

"काहीही. घूं करा."

हे लाजले. बॉयलरवरचा माणूस, एरवी दिवसभरात चार शब्द बोलायचा नाही. तेव्हा माझ्या मदतीला कोण आलं? तुम्हीच की! "नाना, बायकू सांगती ते ऐक. घाल तोंड." थोरल्या बहिणीचा हुकूम. हे उकिडवे बसले, हंडा मांडीत धरला आणि घूंऽऽऽ करून सुरुवात केली. दम संपला की श्वास घ्यायचे आणि पुन्हा घूंऽऽऽ. पोरगी एकीकडून पिठाला चिकटलेली, दुसरीकडून हंडा. पापण्या जड झाल्या, मिटल्या. आम्ही तिघं श्वास रोखून. हे हळूहळू आवाज बारीक करत थांबले. ती हलली नाही. सकाळपर्यंत हलली नाही! उजाडल्यावर आधी मी तिच्या नाकापुढं बोट धरून बघितलं, मग तुम्ही धरलंत.

"बघ," तुम्ही म्हणालात, "पीठ."

"हंडा," मी म्हटलं.

मी तुम्हाला विचारलं होतं, पीठ तर तासाभरात गार होतं, मग ती रात्रभर कशाच्या उबेवर झोपते? तुम्ही डोळा मिचकावून म्हणालात, "मंग तुजा हंडाबी तासाभरात गपच हुतोय की."

एक दिवस नुसतं पीठ आणि एक दिवस नुसता हंडा करून बघितलं असतं की संपलं असतं भांडण. पण कोण माघार घेणार? तुम्ही म्हणायच्या, आधी तू हंडा बंद कर. मी म्हणायचे, आधी तुम्ही पीठ काढा. आणि खरं सांगू, दोघींनाही धीर होत नव्हता. फळीवर डबी होती ना.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं. चाळीत आमचीच संगी नव्हती, पट्टा पडल्यापासून बारकी पोरं घरोघर किरकिरत होती. हंड्याची बातमी फुटली. हंडे सगळ्यांचेच रिकामे, आणि गडी घरात. एका संध्याकाळी शेजारून घूं आलं, मग पलीकडून, मग मागच्या ओळीतून. कुणी खर्जात, कुणी नाकात, एक जण तर मधेच खोकायचा. सगळी चाळ घुमायला लागली. गेटवरचा वॉचमन काठी घेऊन धावत आला. "कारखाना चालू झाला का काय? ऊस आला का कुठनं?" तुम्ही दारातून ओरडलात, "आला, आला! हंड्यात बघ!" बाया पोट धरून हसल्या. वॉचमनही हसला आणि तिथंच पायरीवर बसून ऐकत राहिला. म्हणाला, "असू द्या. बरं वाटतंय." त्या वर्षी तो आवाज सगळ्यांनाच हवा होता, नुसत्या पोरांना नव्हे.

पाडव्याच्या सकाळी संगी गुढी उभारून झाली तरी उठली नव्हती. हे रात्रभर झोपून फळीवर सरळ उभे राहायला लागले होते. तुम्ही आंघोळ केलीत, देवाला नमस्कार केलात, पाटावर चढलात आणि डबी काढलीत. तुम्ही झाकण उघडून सगळ्या गोळ्या चुलीत टाकल्या.

"आता चूल झोपती का बघ," म्हणालात.

रिकामी डबी धुऊन पुसून तुम्ही तिच्यात तुमची मशेरी भरलीत. गावी सासूबाईंनी विचारल्यावर काय सांगितलंत, ते मला तुम्ही कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. पुन्हा निरोप आला नाही, एवढं खरं.

तुम्ही निघालात तेव्हा संगीनं तुमच्या लुगड्याचा काष्टा धरला होता. तुम्ही तो सोडवायला इतका वेळ लावलात की एस.टी. चुकते की काय वाटलं. मला म्हणायचं होतं, राहा ना वन्सं. घर तुमच्यामुळं भरल्यासारखं झालं होतं. आल्या तेव्हा मी तुमच्याकडं वैऱ्यासारखी बघत होते आणि जाताना मला तुमच्या शिव्यासुद्धा हव्या होत्या. पण तोंडातून आलं काय, तर "पीठ कशाला ठेवताय, घेऊन जा." आणि तुम्ही म्हणालात, "ठिव. तुज्या हंड्यानं पोर उठंल, तवा लागंल." अशा आपण दोघी.

ते 'राहा' मी म्हटलंच नाही, पण तुम्ही ऐकलं असणार. कारण पुढं कितीतरी वर्षांनी हे गेल्यावर गावच्या घरात मी एकटी पडले, तेव्हा तुम्ही भाच्याकडचा मुक्काम सोडून तशीच कापडाची पिशवी काखेत मारून दारात उभ्या राहिलात. "आले," म्हणालात. कशाला, किती दिवस, काही नाही. ती पिशवी पुन्हा भरलीच नाही.

दोन म्हाताऱ्यांची मजा होती की आपली. सकाळी चहावरून भांडण, दुपारी टीव्हीवरून. एकदा संगी लेकासुनेला घेऊन राहायला आली, तेव्हा नातवाला झोपवायला तिची सून मोबाईलवर तसलाच घूं आवाज लावते, हे कळल्यावर मी किती मिरवले! "बघा, आता सगळी दुनिया हंड्याला मानते." तुम्ही काठी टेकत उठलात, त्या बाळाच्या उशाला गेलात आणि मोबाईलवर हात ठेवलात. "ये हिकडं. हात लाव. गरम हाय का न्हाई?" लावला हात, तर गरम. कपाळ माझं!

आणि मग त्या मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर तुम्ही कलंडलात त्या उठल्याच नाहीत. झोपेतच. सगळे म्हणाले, सोन्यासारखं मरण. असेल. मला मात्र तुमचा राग आला. झोपेवर आयुष्यभर भांडलात आणि शेवटी असं न सांगता झोपायचं?

वन्सं, तुम्ही घोरायच्या. मी रोज तक्रार करायचे, भिंत हलते म्हणायचे. तुम्ही गेल्यावर घरात इतकं गप्प झालं की माझा डोळा लागेना. माझा पट्टा पडला म्हणा ना. तुमच्या दिवसांसाठी येऊन राहिलेली संगी रोज पाय चेपायची, डॉक्टरांची गोळी द्यायची, पण मी छताकडं बघत पडलेली. आणि मनात, नाही कसं म्हणू, थोडी मिजासही होती. बघा, आवाज थांबला म्हणून झोप गेली. माझंच खरं.

काल संगी तेराव्याचं दळण घेऊन गिरणीतून आली. डोक्यावरचे केस पांढरे, की पीठ उडालेलं, कळेना. मला काही न विचारता तिनं उशीचा अभ्रा घेतला, गरम पीठ भरलं, गाठ मारली आणि माझ्या पाठीशी खोचलं. "आत्या असती तर हेच केलं असतं तिनं," म्हणाली. मी म्हटलं, "मुकाट्यानं काढ ते." तिनं काढलं नाही.

हंडा नव्हता. ह्यांचं घूं नव्हतं. तुमचं घोरणं नव्हतं. घरात चिटपाखराचा आवाज नव्हता. पाठीला नुसती ऊब.

उठले तेव्हा ऊन अंगणात आलं होतं.

आता मला सांगा, ही काय पद्धत झाली? इतकी वर्षं थांबलात, आणखी पंधरा दिवस थांबवलं नसतं? मी स्वतः येऊन सांगितलं असतं, वन्सं, तुम्ही जिंकलात. पीठच होतं. तुम्ही कशा नाचला असता ते डोळ्यापुढं येतंय, काठी वर करून, सगळ्या आळीला ऐकवत.

एवढंच करा. तिकडं हे भेटतील तुम्हाला. त्यांना काही सांगू नका. बिचाऱ्यांनी फार घुमवलंय.